‘प्लकेट’ कुठे वापरायचं, कुठे नाही: रुसलेल्याला शांत करणाऱ्या इंग्रजी क्रियापदाची सविस्तर ओळख

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही इंग्रजी शब्दसंग्रहात एक ओळ हमखास सापडते: प्लकेट, पॅसिफाय, अपीज, मॉलिफाय, सूद, अस्वेज. समोर अर्थ एकच, ‘शांत करणे’. बँकेच्या परीक्षेत योग्य पर्याय निवडायला एवढं पुरतं. पण तोच उमेदवार नोकरीला लागून पहिलं इंग्रजी पत्र लिहायला बसला की ही ओळ त्याला दगा देते. रडणारं बाळ, संपावर गेलेले कामगार, खवखवणारा घसा आणि धास्तावलेला गुंतवणूकदार यांना इंग्रजीत एकाच क्रियापदाने शांत करता येत नाही. मराठीत तरी कुठे येतं? बाळाला आपण जोजवतो, बैलाला चुचकारतो, रुसलेल्याची समजूत काढतो, घाबरलेल्याला धीर देतो. हा फरक आपल्या जिभेवर असतोच. इंग्रजी शब्द पाठ करताना मात्र तो सोडून देतो.

या लेखात त्या ओळीतला पहिला शब्द, प्लकेट (placate), नीट समजून घेऊ आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूने पाहू. ओघाने नाही, पायरीपायरीने. कारण हा शब्द वापरावा की नाही हे ठरवायला स्वतःला तीन-चार प्रश्न विचारावे लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी उच्चार, कारण इथेच घोळ होतो

ब्रिटिश उच्चारात जोर दुसऱ्या भागावर येतो: प्ल-केट. पहिला ‘प्ल’ अगदी आखूड, ‘केट’ लांब. अमेरिकन उच्चारात जोर पहिल्यावर: प्ले-केट. दोन्ही बरोबर, एक धरा आणि तोच ठेवा. आपल्याकडे मात्र स्पेलिंग बघून ‘प्लॅकेट’ म्हणायची सवय आहे, आणि तो उच्चार आधीच दुसऱ्याच शब्दाने अडवलेला आहे. कुर्ता किंवा टी-शर्ट शिवताना गळ्यापाशी जी उघडी पट्टी ठेवतात, बटणांची, तिला शिंपी प्लॅकेट म्हणतात. इंग्रजीतही तोच शब्द, फक्त स्पेलिंग वेगळं. मुलाखतीत ‘मी ग्राहकाला प्लॅकेट केलं’ म्हणालात तर समोरचा अर्थ समजून घेईल, पण क्षणभर तुमच्या कॉलरकडे बघेल.

पहिला प्रश्न: समोरच्याला राग आला आहे का?

प्लकेट फक्त रागावर चालतं. राग, रुसवा, नाराजी, धुसफूस, ‘माझ्यावर अन्याय झाला’ ही भावना, एवढीच त्याची हद्द. भीती, दुःख, वेदना, काळजी हे त्याच्या कक्षेबाहेर. ज्याच्या घरी कोणी गेलं आहे त्याला आपण प्लकेट करत नाही; तिथे कन्सोल किंवा कम्फर्ट लागतं. विमानात बसायला घाबरणाऱ्या आजीला प्लकेट करत नाही, तिथे रीअशुअर. डोकेदुखीला प्लकेट करत नाही. तिथे सूद किंवा रिलीव्ह.

ही चाळणी एवढी सोपी आहे की अर्ध्याहून अधिक चुका इथेच थांबतात. शंका आली तर मराठी वाक्यात ‘नाराज’ हा शब्द घालून बघा. ‘नाराज आमदारांना’, ‘नाराज ग्राहकाला’, ‘नाराज सासऱ्यांना’ हे बसतं ना? मग प्लकेटचा विचार करा. ‘नाराज घशाला’ बसत नाही, तर सोडा.

दुसरा प्रश्न: राग कोणावर आहे?

बहुतेक वेळा राग त्याच माणसावर किंवा त्याच पक्षावर असतो, जो आता समजूत काढायला आला आहे. हॉटेलने खोली चुकीची दिली, पाहुणा भडकला, मॅनेजर त्याला प्लकेट करतो. सरकारने दर वाढवले, शेतकरी चिडले, सरकार त्यांना प्लकेट करतं. म्हणजे समजूत काढणारा तटस्थ नसतो. त्याचं काहीतरी अडलेलं असतं. समोरचा रागावलेला राहिला तर त्याचं नुकसान आहे.

दोन भावांच्या भांडणात मध्यस्थी करणाऱ्या मामाला म्हणूनच प्लकेट हे क्रियापद नीट बसत नाही. त्याचं काम कन्सिलिएट, म्हणजे समेट घडवणं. कामगार कायद्यात आणि 1996 च्या लवाद कायद्यातही हाच शब्द आहे, आणि तिथला समेट करणारा माणूस कोणाच्याच बाजूचा नसावा हे त्यात गृहीत आहे. मामाने मात्र धाकट्याला बाजूला घेऊन ‘तू गप्प बस, तुला मी गाडी घेऊन देतो’ असं सांगितलं, तर तो धाकट्याला प्लकेट करतो आहे असं म्हणता येईल. फरक कुठे पडला? गाडीत. तोच पुढचा प्रश्न.

तिसरा प्रश्न: दिलं काय?

माझ्या मते या शब्दाचं सगळं मर्म इथे आहे. नुसतं गोड बोलून, पाठीवरून हात फिरवून राग घालवला तर त्याला ‘काम’ (calm), सूद असे पुष्कळ शब्द आहेत. प्लकेटमध्ये बहुधा काहीतरी हातावर ठेवलं जातं: सवलत, माफी, पद, भरपाई, आश्वासन, एखादी माघार. मरियम-वेबस्टरचा कोशही अर्थ देताना ‘विशेषतः सवलती देऊन’ असं सांगतो. म्हणून वाक्यात प्लकेटच्या पाठोपाठ ‘विथ’ किंवा ‘बाय’ फार वेळा येतं. कशाने प्लकेट केलं? मोफत जेवणाने. कसं केलं? बैठकीची तारीख पुढे ढकलून.

आणि जे दिलं ते पुरेसं होतं का, याबद्दल एक हलका संशय या शब्दात कायम असतो. मूळ तक्रार मिटली असं प्लकेट कधीच सांगत नाही. फक्त तक्रार करणारा तूर्त निवळला एवढंच सांगतं. रस्ता खणून ठेवला, लोक ओरडले, नगरसेवकाने येऊन दोन ट्रक मुरूम टाकला. लोक प्लकेट झाले. रस्ता तसाच आहे. पत्रकारांना हा शब्द आवडतो तो या संशयासाठीच. ‘टु प्लकेट द व्होटर्स’ असं लिहिलं की निर्णय मतदारांच्या भल्यासाठी नसून त्यांचं तोंड बंद करण्यासाठी घेतला, हे न लिहिता कळतं.

त्याचमुळे या क्रियापदाच्या आधी ‘ट्राय टु’, ‘अटेम्प्ट टु’, ‘फेल टु’ फार वेळा दिसतात. प्रयत्न केला, जमलं नाही. ‘डिड लिट्ल टु प्लकेट’ ही इंग्रजी बातमीतली ठरलेली शब्दरचना: घोषणा झाली, पण आंदोलकांचा राग काही उतरला नाही. तसंच ‘रिफ्यूज्ड टु बी प्लकेटेड’, म्हणजे तो काही केल्या बधेना.

वाक्यात बसवताना

व्याकरण अवघड नाही, पण तीन जागी पाय घसरतो.

एक, हे सकर्मक क्रियापद आहे आणि त्याचं कर्म माणूस, गट किंवा संस्था असते. ग्राहक, टीकाकार, युनियन, मित्रपक्ष, शेजारी देश, आणि हो, देवसुद्धा. कर्म म्हणून थेट ‘राग’ ठेवलेला क्वचित वाचायला मिळतो, पण कानाला खटकतो. ‘त्यांचा राग शांत केला’ असं म्हणायचं असेल तर अस्वेज किंवा साधं ‘काम’ (calm) घ्या. माणसाला प्लकेट, भावनेला अस्वेज, एवढं पाठ केलं तरी चालेल.

दोन, ते स्वतःहून होत नाही. ‘ही प्लकेटेड’ एवढ्यावर वाक्य थांबवून ‘तो शांत झाला’ असा अर्थ निघत नाही. तो शांत ‘केला गेला’ पाहिजे: ‘ही वॉज प्लकेटेड’. आपल्याकडे ‘निवळणे’ आणि ‘निवळवणे’ यांत जो भेद आहे तोच.

तीन, त्याच्या घरातले बाकीचे शब्द. प्लकेटिंग हे विशेषण म्हणूनही चालतं. दोन्ही तळहात पुढे करून ‘अहो, अहो, बसा आधी’ म्हणणाऱ्या माणसाची जी मुद्रा असते, तिला इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत ‘अ प्लकेटिंग जेस्चर’ म्हणतात. प्लकेटरी हे थोडं भारदस्त. आवाज, सूर, हसू, पत्र यांना लागतं. आणि विरुद्ध टोकाला इम्प्लॅकेबल: कशानेच न शमणारा, हाडवैरी. गमतीची गोष्ट म्हणजे इम्प्लॅकेबलमध्ये उच्चार खरंच ‘प्लॅक’ असा आहे. आपण प्लकेटमध्ये जी चूक करतो ती इथे बरोबर ठरते.

हे सगळं लॅटिनमधल्या ‘प्लाकारे’ या धातूपासून आलं, अर्थ शांत करणं. त्याचा सख्खा शेजारी ‘प्लाकेरे’, म्हणजे आवडणं, खूश करणं. त्यातून इंग्रजीतला प्लीज आला, स्वभावाने शांत अशा माणसाला किंवा तळ्याला लावतात तो प्लॅसिड आला, आणि प्लसीबोही आला. प्लसीबो म्हणजे शब्दशः ‘मी खूश करीन’. औषध नसलेली गोळी रोग्याचं समाधान करते, रोगाचं काय होतं ते वेगळं. प्लकेटमधल्या त्या संशयाशी हे किती जुळतं बघा.

चौथा प्रश्न: हे कोणासमोर म्हणायचं आहे?

हा प्रश्न कोशात नसतो आणि नोकरीत सगळ्यात जास्त नडतो तो हाच. प्लकेट हा तिसऱ्या माणसाबद्दल, तिसऱ्याच माणसाला सांगायचा शब्द आहे. ज्याची समजूत काढायची त्याच्या तोंडावर तो म्हणत नाहीत. मराठीत ताडून बघा. रुसून बसलेल्या आत्याला कोणी ‘आत्या, मी तुमचा रुसवा काढायला साडी आणली आहे’ असं म्हणेल का? साडी द्यायची, रुसव्याचा उच्चार टाळायचा.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर लंडनच्या ग्राहकाकडे चालतं. शुक्रवारी रात्री ते दोन तास बंद पडलं. सोमवारी ग्राहकाचं चिडलेलं पत्र. इकडून मसुदा तयार होतो आणि त्यात वाक्य येतं: ‘टु प्लकेट यू, वी आर ऑफरिंग अ टेन पर्सेंट डिस्काउंट.’ व्याकरणात एकही चूक नाही. पण वाचणाऱ्याला ऐकू येतं ते असं: तुम्ही आरडाओरडा करताय ना, हे घ्या आणि गप्प बसा. दहा टक्के देऊनही माणूस दुप्पट चिडतो.

याच जागी ब्रिटिश व्यवहारात एक ठरलेला शब्दप्रयोग आहे, ‘अ‍ॅज अ जेस्चर ऑफ गुडविल’. सद्भावना म्हणून. पत्राची बांधणी साधारण अशी ठेवावी. आधी काय झालं ते एका वाक्यात, आडपडदा न ठेवता: शुक्रवारी रात्री सेवा दोन तास बंद होती. मग स्पष्ट माफी, ‘वी अपॉलजाइज’. ‘तुम्हाला गैरसोय झाली असल्यास’ अशी ‘असल्यास’वाली माफी नको; ती तापल्या तेलात पाणी टाकते. मग पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं ते. आणि सगळ्यात शेवटी, सद्भावना म्हणून दहा टक्के. सवलत पहिल्या ओळीत आली की लाच वाटते, शेवटी आली की शिष्टाचार.

आता त्याच प्रकरणाचा अहवाल तुम्ही आपल्या साहेबांना पाठवता आहात. इथे प्लकेट चपखल: सवलत देऊन ग्राहकाला शांत केलं आहे, पण मूळ दोष अजून दुरुस्त व्हायचा आहे, हे सगळं एका क्रियापदात येतं. फक्त ते पत्र पुढे पाठवताना सीसीमध्ये ग्राहकाचा पत्ता राहिलेला नाही ना, हे दोनदा बघा. अशा अहवालातले सगळे संवाद एका खाली एक जोडलेले असतात.

बोलण्यात इंग्रज माणूस हा शब्द कमीच काढतो. घरगुती संभाषणात तो ‘स्मूद थिंग्ज ओव्हर’, ‘कीप हिम हॅपी’, ‘मेक इट अप टु हर’ असं म्हणेल. प्लकेट मुख्यतः लिहिण्यातला, बातमीतला, अहवालातला. आणि एक सूचना शब्दापलीकडची: रागावलेल्या माणसाला इंग्रजीत ‘काम डाउन’ म्हणू नका. मराठीत ‘जरा शांत व्हा’ म्हटल्यावर जे होतं, तेच तिथेही होतं.

शेजारचे शब्द

*पॅसिफाय* आपल्या ऑफिसांत फार लाडका. ‘त्याला मी पॅसिफाय केलं’ हे मराठी वाक्यातसुद्धा सर्रास ऐकू येतं. चूक नाही, पण या शब्दाला दोन वास आहेत. एक पाळण्याचा: अमेरिकेत बाळाच्या तोंडात देतात त्या चोखणीला पॅसिफायर म्हणतात, ब्रिटनमध्ये तिलाच डमी. त्यामुळे मोठ्या माणसाला पॅसिफाय केलं म्हटलं की तो रडत होता असं थोडंसं सूचित होतं. दुसरा वास बंदुकीचा. लॅटिनमधला ‘पॅक्स’ म्हणजे शांतता, आणि ती लादता येते. 1885 च्या युद्धानंतर इंग्रजांनी वरचा ब्रह्मदेश घेतला, गावोगावचा सशस्त्र विरोध पुढे काही वर्षं मोडून काढला, आणि त्या मोहिमेला नाव दिलं पॅसिफिकेशन. याच युद्धात पदच्युत केलेल्या थिबा राजाला त्यांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 मध्ये तो तिथेच वारला. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनेही हाच शब्द उचलला आणि 1967 मध्ये त्या कामासाठी कॉर्ड्स नावाची वेगळी यंत्रणा उभी केली. एवढं ओझं वाहणारा शब्द ग्राहकसेवेच्या अहवालात घालायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी प्लकेट लिहीन. प्रशांत महासागराचं पॅसिफिक हे नाव मात्र निष्पाप आहे: 1520 मध्ये मॅगेलनला तिथलं पाणी शांत लागलं, एवढंच.

*अपीज* हा प्लकेटच्या सगळ्यात जवळचा, आणि सगळ्यात बदनाम. दोन्हींत काहीतरी दिलं जातं. पण अपीजमध्ये मागणारा दांडगट असतो, आणि दिल्यावर त्याची भूक वाढते. ही बदनामी एका तारखेला चिकटलेली आहे. 30 सप्टेंबर 1938 रोजी म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांनी करार करून चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा प्रांत हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा प्रांत होता त्या चेकांना बैठकीला बोलावलंच नव्हतं. ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन मायदेशी परतले आणि त्यांनी शांतता मिळवल्याचं जाहीर केलं. मार्च 1939 मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं, सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटलं. तोपर्यंत अपीजमेंट हा परराष्ट्र धोरणातला सभ्य शब्द होता, चेंबरलेन स्वतः तो अभिमानाने वापरत. त्यानंतर तो शिवी झाला.

भारतीय राजकारणात अपीजमेंटसाठी हिंदीने तुष्टीकरण घेतला आणि मराठी वर्तमानपत्रांनी अनुनय, लांगूलचालन हे शब्द रुळवले. लांगूलचालन म्हणजे शेपूट हलवणं. यात एक गडबड आहे. शेपूट हलवणारा लाचार असतो. अपीज करणारा लाचार असेलच असं नाही, तो बऱ्याचदा फक्त चुकीचा हिशेब करत असतो. भाषांतर करणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर इंग्रजी अग्रलेखापेक्षा मराठी अनुवाद चार पट झोंबरा होतो.

*मॉलिफाय* म्हणजे मऊ करणं. लॅटिन ‘मॉलिस’, मऊ; गोगलगाय आणि शिंपल्यांच्या कुळाला मोलस्क म्हणतात तेही त्याच्याच पोटातलं. ताठरलेला माणूस थोडा सैल पडला, भुवया खाली आल्या, की तो ‘समव्हॉट मॉलिफाइड’. पूर्ण निवळला नाही, पारा दोन अंश उतरला. इथे काही द्यावं लागतंच असं नाही, एखादा नम्र शब्दही पुरतो.

*सूद* सगळ्यात मवाळ. घसा, त्वचा, मन, रडणारं मूल. याचा इतिहास मात्र वाकडातिकडा आहे. जुन्या इंग्रजीत ‘सूथ’ म्हणजे सत्य, आणि सूद करणं म्हणजे खरं आहे असं सांगणं. त्यावरून समोरच्याच्या बोलण्याला ‘हो ला हो’ करणं, आणि त्यावरून त्याला शांत करणं.

*अस्वेज*चं वर सांगितलंच. कर्म भावना: अपराधीपणा, भीती, शंका, भूक, तहान. *रीअशुअर* चिंताग्रस्तासाठी. शेअर पडल्यावर गुंतवणूकदार घाबरले असतील तर रीअशुअर, चिडले असतील तर प्लकेट. बातमी लिहिताना आधी हे विचारा. *प्रपिशिएट* देवासाठी, कोपलेल्या शक्तीसाठी. आपण देव ‘प्रसन्न करतो’ त्याला हा नेमका शब्द. आणि *ह्यूमर* हे क्रियापद म्हणून आलं तर विनोदाशी संबंध नाही, ‘कलाने घेणं’. हट्टी म्हाताऱ्या काकांशी वाद न घालता ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं’.

मराठीतून इंग्रजीत जाताना

आता थोडं उलट्या दिशेने. निवडणुकीत अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांत ‘बंडखोरांची मनधरणी’ असा मथळा नेहमीचाच. प्लकेट लिहायचं का? थांबा. मनधरणीच्या पोटात दोन वेगळी कामं आहेत: रुसवा काढणं आणि आपल्याला हवं ते करायला राजी करणं. तिकीट न मिळाल्याने चिडलेल्या कार्यकर्त्याला महामंडळाचं आश्वासन देऊन थंड केलं, ते प्लकेट. त्याच्याकडून अर्ज मागे घ्यायची सही मिळवली, ते पर्स्वेड. गोडीगुलाबीने मिळवली असेल तर कोक्स, लाडीगोडी आणि खोट्या स्तुतीने असेल तर कजोल. बातमीत कोणत्या कामावर भर आहे ते बघून शब्द निवडावा. दोन्ही असतील तर दोन्ही शब्द वापरावेत, इंग्रजी वाक्य तेवढं सोसतं.

‘बोळवण करणे’ आणि ‘तोंडाला पाने पुसणे’ हे मात्र प्लकेट नव्हे. त्यांत समोरचा फसतो किंवा थोडक्यात वाटेला लावला जातो. प्लकेटमध्ये तो निदान काही काळ निवळलेला असतो. ‘गप्प करणे’ही नव्हे, त्यात धाक आहे.

जो तुकडा टाकून समोरच्याला गप्प करायचं, त्याला इंग्रजीत नाम आहे सॉप. मूळ अर्थ दुधात किंवा रश्श्यात बुडवलेला पावाचा तुकडा. रोमन महाकाव्यात पाताळाच्या दारावरच्या सर्बेरस या तीन तोंडांच्या कुत्र्याला गुंगीचं औषध घातलेली मधाची पोळी टाकून झोपवतात, आणि मग आत जातात. तिथून ‘अ सॉप टु समवन’. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी याला अनेकवचन करून घरचाच करून टाकला: ‘पोल सॉप्स’, ‘बजेट सॉप्स’. आपल्या बातम्यांत हा शब्द जवळजवळ ‘सवलती’ इतका साधा झाला आहे. ब्रिटिश वाचकाला मात्र त्यात अजून कुत्रा दिसतो. परदेशी वाचकांसाठी सरकारी योजनेबद्दल लिहिताना ‘कन्सेशन’ लिहा, टोमणा मारायचा असेल तरच सॉप.

समुपदेशन किंवा व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत प्लकेटर असा शब्द दिसला, तर तो व्हर्जिनिया सटीर या अमेरिकन कुटुंबचिकित्सक बाईंकडून आलेला असतो. ताणाच्या प्रसंगी माणसं कशी वागतात याचे जे प्रकार त्यांनी मांडले, त्यांत सतत दुसऱ्याला सांभाळून घेणारा, चूक नसताना माफी मागणारा, स्वतःचं मत गिळणारा तो प्लकेटर. त्याच्या समोर उभा असतो ब्लेमर. इथे शब्द एका घटनेपुरता न राहता स्वभावाचं नाव होतो.

हात बसवण्यासाठी

शब्द पाठ करताना विरुद्धार्थीही जोडून ठेवा: प्रोव्होक, एनरेज, अँटॅगनाइज. परीक्षेत तेच विचारतात. मग खालची वाक्यं मनातल्या मनात इंग्रजीत न्या. उत्तर वाचण्याआधी वरचे चार प्रश्न क्रमाने विचारा.

लग्नात मानपान झाला नाही म्हणून फुगून बसलेल्या व्याह्यांना यजमानांनी शालजोडी देऊन शांत केलं. राग आहे, यजमानांवर आहे, शालजोडी दिली, आपण बाहेरून सांगतो आहोत. प्लकेट, आणि पुढे ‘विथ’.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आईला शांत केलं. भीती आहे. रीअशुअर.

दंगल उसळली होती, राखीव पोलीस दलाने दोन तासांत शहर शांत केलं. इथे समजूत नाही, बळ आहे. क्वेल, आणि कर्म शहर नव्हे, दंगल.

मुलाला वेळ देता येत नाही या खंतीवर उतारा म्हणून ती दर महिन्याला खेळणी आणते. कर्म खंत आहे, म्हणून अस्वेज. पण मूलच नाराज असेल आणि खेळणं त्याच्यासाठी असेल, तर त्याच खेळण्यावर क्रियापद बदलतं: प्लकेट.

गावात रोगराई आली म्हणून लोकांनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला. प्रपिशिएट उत्तम. प्लकेटही चालेल, मात्र मग लिहिणाऱ्याचा देवीवर फारसा विश्वास नाही असं वाटायची शक्यता आहे.